उभं राहिलेलं पाणी

रशीदा बागवान मॅडमचं पत्र मला १९ नोव्हेंबर २०१० या दिवशी मिळालं. हैदराबादहून आलं होतं. वहीची दोन पानं, निळी शाई, पाठपोट लिहिलेली. त्याचं उत्तर मी दिलं नाही. विसरलो असं नव्हे. पत्र कपाटात बनियनांच्या खाली होतं आणि दर वर्षी कपाट आवरताना मी ते वाचत होतो. आता ते पाठ झालं आहे.

"हत्तुरे सर, इथे ते थिजत नाही, जेल होत नाही. सहा आठवडे झाले. तोच पदार्थ, तेच प्रमाण, तोच कॉस्टिकचा थेंब. तुमच्यासमोर तीन वेळा जमलं होतं, आणि इथे एरंडेलासारखं घट्ट होतं नि ओघळून जातं. इथल्या सरांना फोटो दाखवला तर म्हणाले, फोटो कशाचाही निघतो. आपण तिथे वेगळं काय केलं होतं? पाणीसुद्धा आठवून पाहिलं, पण तुमच्या हातचं ऊर्ध्वपातित पाणी म्हणजे तिथे शंकेला जागा नाही. कुठे काही चुकलं असेल तर तेसुद्धा लिहा. चूकच सापडली तर बरं. मला मार्चपर्यंत मुदत आहे. इथे चार वाजले की कोणी कोणाला चहाला हाक मारत नाही."

मला कारण माहीत होतं. निदान दाट संशय होता. पाणीच.

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात तेहतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. चांगलं शिकवलं असं म्हणवत नाही. मागच्या बाकावरच्यांना माझा आवाज पोचत नसे आणि पुढच्या बाकावरचे तो पोचत असूनही वर्तमानपत्र वाचत. वर्गापेक्षा मला प्रयोगशाळा बरी वाटे. तिथं बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, ब्युरेट धुवायचे, कोणाशी फार बोलावं लागत नाही. लग्न केलं नाही. भवानी पेठेतल्या दोन खोल्यांत मी आणि माझी थोरली बहीण काशम्मा राहतो. तिचे यजमान गेल्यावर ती अक्कलकोटकडून इकडं आली, ती राहिलीच.

रशीदा मॅडम प्राणिशास्त्र शिकवायच्या. त्यांच्या भावाचं फळांचं दुकान आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांनी पीएचडीला नाव नोंदवलं तेव्हा स्टाफरूममध्ये बरंच हसणं झालं. विषय होता पेप्टाइडांचा. आपल्या अंगातली प्रथिनं ज्या अमिनो आम्लांच्या साखळ्यांची बनतात, त्या साखळीचा अगदी छोटा तुकडा म्हणजे पेप्टाइड. मॅडमना तर दोनच दुव्यांचा तुकडा हवा होता, आणि त्याच्या एका टोकाला नॅप्थॅलीनची टोपी.

"नॅप्थॅलीन म्हणजे डांबरगोळ्या ना सर?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"त्यांचाच भाऊबंद."

"मग बरं. या पेप्टाइडला कसर तर लागणार नाही."

मी हसलो. मग आपण हसलो हे लक्षात येऊन लाजलो. त्यांच्या विभागात रासायनिक कामाची सोय नव्हती, म्हणून त्या आमच्याकडे येत आणि मी लागेल ते काढून देई. एवढंच ठरलं होतं. पण हळूहळू मीही ते सगळं वाचू लागलो. विद्यापीठात जाऊन शोधनिबंधांच्या छायाप्रती आणू लागलो. असं काही वाचलं की ते कोणाला तरी सांगावंसं वाटतं, आणि सांगायला समोर कोणीतरी होतं. हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

त्या टोपीमुळे काय होतं, तर रेणूचा एक भाग पाण्याला बिचकतो. पाण्यापासून लपायला तो आपल्यासारख्याच दुसऱ्या रेणूच्या पाठीला पाठ लावतो, दुसरा तिसऱ्याच्या. कोणी सांगत नाही, ढवळत नाही, पण असे हजारो रेणू एकापुढे एक लागून एक तंतू तयार होतो. केसाहून हजारो पट बारीक. अशा असंख्य तंतूंचं जाळं झालं की त्यात सगळं पाणी अडकतं आणि जेल होतं. शंभर भागांत अर्धाच भाग पदार्थ, बाकी पाणी, तरी बाटली उलटी केली तर पडत नाही. आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना यंत्रमाग आहेत. टॉवेल विणायला किती खटाटोप लागतो ते मी लहानपणापासून ऐकत आलोय. विणणाऱ्याशिवाय विणलं जाणारं काही असतं, ही गोष्ट मला फार दिवस खरी वाटली नाही.

आणि खरंच, आमच्याकडे ते विणलं जातही नव्हतं. मार्च गेला, एप्रिल गेला. मॅडम पदार्थ बनवत, पुन्हा शुद्ध करत, पाण्यात कॉस्टिक सोड्याच्या थेंबाबरोबर विरघळवत, वाट पाहत, आणि बाटली उलटी करत. सगळं सावकाश ओघळून झाकणाशी येई.

"रुसलंय," त्या म्हणत. चार वाजले की मी स्टोअररूमच्या दाराशी जाऊन "मॅडम, चहा" एवढं म्हणे. चहा त्याच करत. दोन घोट झाले की पुन्हा बाटली उलटी.

११ मे २०१० ला ते जमलं. सुट्टी लागली होती. बाहेर त्रेचाळीस अंश, आत पंखा बंद. मॅडमनी बाटली उलटी धरली आणि तशीच धरून राहिल्या. मी जवळ गेलो. बाटलीच्या वर गेलेल्या तळाशी ते होतं, किंचित धुरकट, हललं नाही, पडलं नाही.

"सर," त्या अगदी हळू म्हणाल्या, "हे पाणीच आहे. फक्त उभं राहिलंय."

आमचे शिपाई बिभीषण यांनी मॅडमच्या मोबाइलवर आमचा फोटो काढला. त्या दिवशी एकदा आणि दुसऱ्या दिवशी एकदा मॅडमनी तेच पुन्हा केलं. दोन्ही वेळा जमलं. आपला पदार्थ अखेर पुरता शुद्ध झाला, असं त्यांना वाटलं. मलाही वाटलं.

तिसऱ्या दिवशी मी सकाळी लवकर गेलो होतो. ऊर्ध्वपातित पाण्याच्या कॅनच्या तोटीभोवती पांढरी खपली धरलेली दिसली. ऊर्ध्वपातित पाणी म्हणजे वाफ गार करून मिळवलेलं, क्षार नसलेलं पाणी. ते खपली धरत नाही. मग आठवलं.

एप्रिलच्या शेवटी प्रॅक्टिकल परीक्षेची शेवटची बॅच होती. शहरात पाणी पाच दिवसांआड येत होतं, टाकी कोरडी, आणि वाहतं पाणी नसलं की आमचं ऊर्ध्वपातनाचं यंत्र चालत नाही. भांडी तर धुवायची होती. म्हणून मी बागेतल्या बोअरचं पाणी आणून त्या कॅनमध्ये भरलं. 'फक्त धुण्यासाठी' अशी चिठ्ठी लावायची मनात होती. तेवढ्यात प्राचार्यांनी परीक्षेच्या कागदांसाठी बोलावलं आणि चिठ्ठी राहिली. कॅनवर माझ्या अक्षरातली जुनी चिठ्ठी तशीच: ऊर्ध्वपातित पाणी. आमच्या बोअरचं पाणी असं की साबणाला फेस येत नाही. घराघरात डाळीसाठी वेगळं पाणी भरून ठेवतात, कारण बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही. त्या पाण्यातल्या कशानं तरी हे जेल धरलं असणार.

मी सांगायला निघालो. प्राणिशास्त्र विभागात मॅडम पायरी आंब्यांची पेटी घेऊन बसल्या होत्या आणि येईल त्याच्या हातावर आंबा ठेवत होत्या. प्राचार्यही आले होते. मॅडम म्हणाल्या, "हत्तुरे सर नसते तर झालं नसतं हं." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे कोणी पाहिलं की मला बोलता येत नाही, हे खरं आहे. पण त्या दिवशी तेवढंच कारण नव्हतं. मला ते ऐकायला बरं वाटलं होतं. मी आंबा घेतला, परत आलो, कॅन धुतला.

जूनमध्ये त्या हैदराबादला गेल्या. फोटोतल्या त्या बाटलीमुळेच एका मोठ्या प्रयोगशाळेत त्यांना दोन वर्षांसाठी घेतलं होतं. जाताना माझ्या हातात काचेची बोटाएवढी कुपी दिली. पांढरी पूड होती.

"थोडं तुमच्याकडे असू दे सर. माझं तिकडे सांडलं-बिंडलं तर."

पुढे पत्र आलं. मी उत्तरं लिहिली, चार-पाच तरी. एकात फार माफी होती, एकात फार रसायनशास्त्र. मग वाटलं, पाण्यामुळेच झालं कशावरून? आधी खात्री करावी, मग लिहावं. कुपी होती, बोअर होतं, एका दुपारचं काम होतं. ते मी केलं नाही, कारण खात्री झाली असती तर लिहावं लागलं असतं. मार्च निघून गेला. मार्चनंतर लिहिणं नोव्हेंबरपेक्षा अवघड झालं. दुसऱ्या वर्षी त्याहून.

यंदा फेब्रुवारीत मी डाळिंबं घ्यायला बागवानांच्या दुकानात थांबलो. एरवी मी त्या बाजूनं जात नाही. अक्काला डॉक्टरांनी डाळिंब सांगितलं होतं आणि त्या दिवशी दुसरीकडे चांगली नव्हती. गल्ल्यावर तिशीतली एक बाई होती. माझ्याकडे पाहतच राहिली.

"तुम्ही हत्तुरे सर ना?"

मी हो म्हणालो. पळता येण्यासारखं नव्हतं. हातात पिशवी होती.

"मैं हुस्ना. रशीदा फुप्पी की भतीजी. फुप्पीच्या मोबाइलमध्ये तुमचा फोटो आहे सर. एक उलटी बाटली पकडून उभे आहात दोघं, लग्नात उभे असल्यासारखे." ती हसली. "फुप्पी दर ईदला फोनवर विचारती, हत्तुरे सर हैं क्या अब्बी? मी म्हणते, मला काय माहीत. आता सांगते, हैं."

"कशा आहेत त्या?" मी विचारलं. "पीएचडी..."

"कब की छोड दिए ना सर! दुसरा विषय घ्या म्हणाले तिकडे, फुप्पी नक्को बोली. मग तिकडंच शाळेत लागली. आत्ताच रिटायर झाली." हुस्ना डाळिंबं तोलता तोलता थांबली. "सच बोलूँ सर? तिकडच्या लोकांनी तिला लई त्रास दिला. म्हणायचे, बाटली घाण असेल, नाहीतर तुम्हीच फोटो जुळवला. आधी भांडायची. अब क्या बोलती मालूम? बोलती, क्या जाने, मेरे को ही वैसा दिखा होगा. भास झाला असेल म्हणते."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"फोन लावू का? बोलता?" तिनं मोबाइल उचललाही.

"नको," मी म्हणालो. "नको, नको. मी पत्र लिहीन."

"पत्र?" हुस्नाला हसू आवरेना. "हौ, लिखो. कबूतर भेजूँ क्या साथ में?" पण तिनं पाटीवरच्या एका कागदावर हैदराबादचा पत्ता लिहून दिला, आणि दोन डाळिंबं जास्त घातली.

घरी आलो तर डाळिंबं कुठली हे अक्कानं विचारलं नाही. ती माझं तोंड बघत होती.

"याको वीरा, काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही अक्का."

मग मी तिला सगळं सांगितलं. पन्नास वर्षांत मी तिला इतकं सलग काही सांगितलं नसेल. ती डाळिंब सोलत ऐकत होती.

"म्हणजे त्या बाईनं जे बघितलं ते खरं होतं," ती म्हणाली, "आणि ती म्हातारी व्हायला आली तरी तिला खोटं वाटतंय. तुझ्या एका चिठ्ठीपायी."

"पाणीच होतं याची खात्री नाही अक्का."

"खात्री नाही, खात्री नाही. तुला आपलं नाव तरी खात्रीनं माहीत हाय का? बोअरच्या पाण्यात डाळ शिजत न्हाई हे मला माहीत हाय, अन् तू मास्तर. जा की, बघून ये."

आमच्या विभागात आता ऋतुजा शिकवते. माझीच विद्यार्थिनी, पुढच्या बाकावरची, पण ती वर्तमानपत्र वाचत नसे. मी फोन करून विचारलं, तासभर एक टेबल मिळेल का. ती म्हणाली, "सर, अख्खी लॅब घ्या."

दुसऱ्या दिवशी मी स्टीलचा डबा घेऊन बागेकडे गेलो. बिभीषण अजून तिथंच आहेत. निवृत्त झाले तरी रोजंदारीवर बाग बघतात. त्यांनी बोअरचा नळ सोडला.

"प्यायला नगा नेऊ सर हे पाणी. ह्यानं आमची गुलाबंबी रुसत्यात."

"प्यायला नाही. प्रयोगाला."

"मग न्या. प्रयोगाला काय चव लागती व्हय?"

ऋतुजानं कुपीतली पूड कागदावर काढून तोलली. एकवीस मिलिग्रॅम. तिनं हिशेब केला आणि माझ्याकडे पाहिलं.

"दोन छोट्या बाटल्या होतील सर. त्याहून जास्त नाही. एकदाच करता येईल."

हे मला घरीच कळायला हवं होतं. मी ती कुपी पंधरा वर्षं बाळगली होती. वर्षातून एकदा हातात घ्यायचो, उजेडाकडे धरायचो, ठेवून द्यायचो. मॅडमच्या हातानं बनलेली जगात तेवढीच पूड शिल्लक होती. ती संपली की माझ्याकडे त्यांचं पत्रच काय ते राहणार होतं. आणि पंधरा वर्षांत पूड बिघडली असली, तर दोन्ही बाटल्या ओघळणार आणि काहीच कळणार नाही.

"थांबू या का सर? मी नवीन बनवून देते. दीड-दोन महिने लागतील."

दोन महिने. मला एकदम फार सोयीचं वाटलं ते. दोन महिन्यांत परीक्षा आल्या असत्या, तिला वेळ झाला नसता, पुढचा हिवाळा उजाडला असता.

"नको," मी म्हणालो. "आजच करू."

ऋतुजानं अगदी थोड्या शुद्ध पाण्यात, कॉस्टिकच्या थेंबाबरोबर, सगळी पूड एकत्रच विरघळवली. मग त्याचे दोन सारखे भाग केले, म्हणजे फरक पडला तर तो फक्त पुढच्या पाण्याचा. एकात मशीनचं शुद्ध पाणी घातलं. दुसऱ्यात बोअरचं मी घातलं. एकही थेंब बाहेर पडला नाही. दोन्ही बाटल्या खिडकीजवळ ठेवल्या. ऋतुजानं घड्याळ लावलं.

"हे तुम्ही कधी केलं होतं सर?" तिनं विचारलं.

"दोन हजार दहा. मे."

ती वाकून बाटल्यांकडे पाहू लागली. मग म्हणाली, "कॅल्शियमनं अशी जेलं धरतात, आणि बोअरच्या पाण्यात ते भरपूर असतं. परदेशातल्या लोकांनी पुढच्या एक-दोन वर्षांत छापलंय ते. मी वाचलंय. कॅल्शियमवर दोन भार असतात, तो शेजारशेजारच्या दोन तंतूंना धरून ठेवतो. शुद्ध पाण्यात धरणारं कोणी नसतं, मग तंतू एकमेकांवरून घसरतात." आणि मग, माझ्याकडे न बघता, "मॅडमना तेव्हा कळलं असतं तर..."

"हो," मी म्हणालो.

आम्ही खिडकीतून बाग बघत बसलो. चहाची वेळ झाली होती. कोणी काही म्हणालं नाही.

घड्याळ वाजलं. ऋतुजा म्हणाली, "तुम्ही करा सर उलट्या."

मी शुद्ध पाण्याची उचलली. उलटी केली. सावकाश, काचेला लागत लागत, सगळं झाकणाशी उतरलं. एरंडेलासारखं. पत्रात होतं तसंच.

दुसरी मी उचलली, आणि तशीच हातात धरून राहिलो. धरलं नसेल तर? धरलं नसेल तर पत्र लिहायला कारणच उरणार नव्हतं. ती सुटका मला हवी होती की काय, हे मी त्या क्षणी स्वतःला विचारलं. नको होती. मला ते धरलेलं हवं होतं. इतक्या तीव्रतेनं मला सबंध आयुष्यात क्वचितच काही हवं होतं.

उलटी केली. ते पडलं नाही.

ऋतुजानं फोटो काढले, दोन्ही बाटल्या शेजारीशेजारी, एक ओघळलेली, एक तशीच. "प्रिंट काढून देऊ का सर?"

"दे."

त्या जेलवर उजेड पडला होता. किंचित धुरकट, जसं मला आठवत होतं तसंच. इतक्या वर्षांत माझी आठवण त्याला उजळत गेली असेल असं मला वाटायचं. तसं काही नव्हतं. ते तेवढंच होतं. मॅडमनी जे पाहिलं होतं ते खरंच तसं होतं.

घरी येऊन मी लिहायला बसलो. पहिलं पान माफीत गेलं. दुसऱ्यात मी माझ्या स्वभावाबद्दल बरंच लिहिलं, लहानपणापासूनचं. अक्कानं ते मला मोठ्यानं वाचायला लावलं आणि म्हणाली, "हे तुझ्याबद्दल हाय. तिच्याबद्दल काय लिवलंस?" मी तो कागद फाडला. तिसऱ्यांदा जे लिहिलं ते असं:

"रशीदा मॅडम यांस,

तुमच्या नोव्हेंबर २०१० च्या पत्राचं हे उत्तर आहे.

तुम्हाला भास झाला नव्हता. ११ मे रोजी जेल झालं होतं. १२ मे रोजीही झालं. पदार्थ तुम्ही अचूक बनवला होता. वेगळं होतं ते पाणी. कॅनमध्ये ऊर्ध्वपातित पाणी नव्हतं, बागेतल्या बोअरचं होतं. एप्रिलमध्ये भांडी धुण्यासाठी मी भरलं होतं आणि चिठ्ठी बदलली नव्हती. तुम्ही आंबे वाटलेत त्या सकाळी हे माझ्या लक्षात आलं होतं. मी सांगितलं नाही. तुम्ही पत्रातून विचारलंत तेव्हाही सांगितलं नाही. कॅल्शियममुळे असं होतं हे नंतर दुसऱ्यांनी छापलं. ते तुमच्या हाती आधी आलं होतं. तुमच्या हातून ते गेलं ते माझ्यामुळे गेलं.

तुम्ही ठेवायला दिलेली पूड आज वापरली. एकवीस मिलिग्रॅम होती, सगळी संपली. अर्धी शुद्ध पाण्यात, अर्धी बोअरच्या. फोटो सोबत आहे. बाटल्या ऋतुजा नावाच्या आमच्या प्राध्यापिकेच्या टेबलावर आहेत. तिनं स्वतः पाहिलं आहे आणि कोणी विचारलं तर ती सांगेल. मीही सांगेन.

माफ करा असं म्हणण्याचा मला हक्क वाटत नाही, म्हणून ते लिहीत नाही. पण एक गोष्ट तेव्हाही लिहायची होती. तुम्ही गेल्यावर इथंही चारला मी कोणाला हाक मारली नाही.

वीरभद्रप्पा हत्तुरे"

शेवटची दोन वाक्यं मी खोडणार होतो. अक्का म्हणाली, "खोडलंस तर मी फोन करून सांगते त्या हुस्नाला." म्हणून ती राहिली.

सकाळी पोस्टात गेलो. खिडकीशी पाचसहा जण होते. माझ्यापुढे एक माणूस चादरींचं पार्सल घेऊन उभा होता, त्याचं बराच वेळ चाललं. त्या वेळात मी दोनदा रांगेतून बाहेर पडलो, म्हणजे पंख्याखाली जाऊन उभा राहिलो, आणि दोनदा परत आलो. मागच्या बाई म्हणाल्या, "काका, तुमचा नंबर धरलाय मी, पण असं किती वेळा?"

खिडकीतल्या मुलीनं लिफाफा तोलला.

"स्पीड पोस्ट ना? आत काय आहे आजोबा?"

"उत्तर आहे," मी म्हणालो.

"म्हणजे डॉक्युमेंटच की." तिनं टाइप केलं. "पाठवणाऱ्याचा मोबाइल नंबर?"

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. लिफाफ्यावर नंबर छापला जाणार. म्हणजे मॅडमना वाटलं तर त्या फोन करू शकणार. रागवायला करतील, किंवा काहीच न बोलायला. किंवा करणारच नाहीत, आणि मग मी रोज वाट बघेन. यातलं काय होईल ते मला कळत नव्हतं.

"आजोबा, नंबर."

मी एकेक आकडा सांगितला. शेवटचे दोन तिनं पुन्हा विचारले, तेही सांगितले. यंत्रातून चिठ्ठी निघाली, तिनं ती लिफाफ्यावर चिकटवली, हातानं दाबली, आणि मागे न बघता लिफाफा पोत्यात टाकला.

"पुढचे," ती म्हणाली.